एचआरच्या सर्टिफिकेटची कुळकथा

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत उभं राहिलं की एक संभाषण हमखास कानावर पडतं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये. बायको पुण्याहून एमपीएम किंवा एचआरमध्ये एमबीए झालेली, चाकण नाहीतर रांजणगावच्या एखाद्या कारखान्यात चार-पाच वर्षं नोकरी केलेली. लग्न झालं, डिपेंडंट व्हिसावर इकडे आली. कामाची परवानगी मिळेपर्यंत काही वर्षं घरात गेली. आता परवानगी हातात आहे, अर्ज धाडून झालेत आणि उत्तर कुठूनच येत नाही. मग प्रश्न येतो, "ते इथलं एचआरचं सर्टिफिकेट करून टाकू का? त्याने नोकरी मिळते का हो?"

रांगेतल्या रांगेतच दोन उत्तरं मिळतात. एक, "करून टाक, रेझ्युमेवर बरं दिसतं." दुसरं, "काही उपयोग नाही, पैसे पाण्यात." दोन्ही उत्तरं देणाऱ्यांनी स्वतः ती परीक्षा दिलेली नसते, हे सांगायला नकोच. परीक्षेची फी पाचशे डॉलरच्या आसपास. पुस्तकं, सराव परीक्षा, एखादा तयारीचा कोर्स धरला तर आकडा हजार-दीड हजारावर सहज जातो. एका पगारावर चाललेल्या घरात हा महिन्याच्या घरभाड्याएवढा खर्च आहे. त्यामुळे 'करून टाक' एवढ्यावर भागत नाही.

मी एचआरवाला नाही. इंजिनिअर आहे, संशोधनात काम करतो. पण एखादं यंत्र घ्यावं की नाही हे ठरवायचं असेल तर ते मुळात कोणी, कोणत्या कामासाठी बनवलं हे आधी बघायचं, ही आमच्या धंद्यातली सवय. त्या सवयीने ह्या सर्टिफिकेटच्या मागे मागे जात राहिलो आणि सव्वाशे वर्षं मागे गेलो. तिथे जे सापडलं ते फराळाच्या ताटावर सांगण्याइतकं छोटं नाही, म्हणून इथे लिहितो.

फोरमनचं राज्य

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या कारखान्यांत एचआर नावाची चीज नव्हती. माणूस कामावर घेणार कोण? फोरमन. काढणार कोण? फोरमन. रोज किती, कोणाला हलकं काम, कोणाला जड, सगळं त्याच्या मर्जीवर. सकाळी दारात गर्दी जमायची, फोरमन ज्याच्याकडे बोट करेल तो आत. नोकरी टिकवायची तर त्याला अधूनमधून खूश ठेवायचं.

गिरणगावात ज्यांचे आजोबा-पणजोबा होते त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. मुंबईच्या गिरण्यांत हेच काम जॉबर करायचा. गावाकडची माणसं आणायची, खात्यात चिकटवायची, बदल्यात दस्तुरी घ्यायची. डेट्रॉइट असो की परळ, मालक आणि मजूर ह्यांच्या मध्ये एक मध्यस्थ होता आणि तो कोणत्याही नियमाने बांधलेला नव्हता.

ह्या राज्याला पहिले तडे संपामुळे गेले. ओहायो राज्यात डेटन नावाचं गाव आहे. तिथे नॅशनल कॅश रजिस्टर ही दुकानातली गल्लायंत्रं बनवणारी कंपनी होती. मालक जॉन पॅटरसन. १९०१ साली तिथे संप आणि टाळेबंदी झाली. मिटल्यावर पॅटरसनने कामगारांसाठी वेगळं खातं उघडलं. तक्रारी ऐकणं, काढून टाकण्याची प्रकरणं तपासणं, सुरक्षितता, फोरमन लोकांना शिकवणं ही कामं त्या खात्याकडे गेली. अमेरिकेतल्या पहिल्या पर्सोनेल खात्यांमध्ये ह्याचं नाव घेतात.

दुसरा तडा गणिताने गेला. हेन्री फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली साधारण १४,००० माणसांची गरज होती आणि तेवढी टिकवण्यासाठी त्या वर्षात ५२,००० हून जास्त माणसं घ्यावी लागली. म्हणजे माणसं येत होती आणि पट्ट्यावरचं काम बघून पळत होती. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने दिवसाला पाच डॉलर जाहीर केले. तो दर लोकांच्या लक्षात राहिला. पण त्यासोबत आणखी एक खातं सुरू झालं होतं, ज्याची माणसं कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, पैसे साठवतो का, घर स्वच्छ ठेवतो का, हे तपासत. पाच डॉलर मिळायचे ते ह्या चौकशीत पास झाल्यावर. एचआरचे दोन्ही चेहरे, कामगाराची काळजी आणि कामगारावर नजर, पहिल्यापासून एकाच धडावर आहेत.

सहा आठवड्यांत तज्ज्ञ

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. तरुण सैन्यात गेले, जहाजं आणि दारूगोळा बनवायला माणसं कमी पडू लागली. आहे त्या माणसांना टिकवणं हा राष्ट्रीय प्रश्न झाला. तेव्हा सरकारने १९१८ मध्ये विद्यापीठांतून 'एम्प्लॉयमेंट मॅनेजमेंट'चे सहा आठवड्यांचे कोर्स सुरू केले. न्यूयॉर्क राज्यातलं रॉचेस्टर विद्यापीठ त्यात आघाडीवर होतं. कारखान्यांनी माणसं पाठवायची, त्यांनी सहा आठवडे शिकायचं आणि परत जाऊन भरतीचं खातं चालवायचं. आजच्या सर्टिफिकेट कोर्सचा हा पणजोबा म्हणायला हरकत नाही.

ह्या मंडळींना भाव होता. पण किती दिवस? १९२०-२१ मध्ये मंदी आली. कारखान्याच्या दारात पुन्हा रांगा लागल्या. माणसं मुबलक झाल्यावर माणसं टिकवणाऱ्यांची गरज काय? बऱ्याच कंपन्यांनी ही खाती छाटली, काहींनी बंदच केली, आणि फोरमन पुन्हा आपल्या खुर्चीवर येऊन बसला.

सॅनफर्ड जॅकोबी नावाच्या इतिहासकाराने ह्या काळाचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्याच्या मांडणीचं सार असं, की हे खातं हळूहळू, शहाणपणाने वाढत गेलं असं झालेलं नाही. मजुरांची टंचाई, युनियनची भीती आणि सरकारचा दट्ट्या, ह्या तिन्हींपैकी काहीतरी असलं की ते फुगतं. नसलं की आक्रसतं. मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. सर्टिफिकेटचा सगळा हिशेब शेवटी इथेच येऊन थांबणार आहे.

१९३५ मध्ये वॅग्नर कायद्याने युनियन करण्याच्या हक्काला संरक्षण मिळालं. १९३६-३७ च्या हिवाळ्यात मिशिगनमधल्या फ्लिंट गावी जनरल मोटर्सच्या कामगारांनी कारखान्यातच ठिय्या मारला आणि कंपनीला युनियन मान्य करायला लावली. १९३८ मध्ये किमान वेतन आणि ओव्हरटाइमचा कायदा आला. भीती आणि दट्ट्या दोन्ही परत आले, आणि त्यांच्यामागून पर्सोनेल खातंही परत आलं.

एकच वर्ष, दोन वाटा

आता १९४८ सालापाशी जरा थांबू या, कारण ह्या वर्षी आपल्या आणि अमेरिकेच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मुंबईत जॉबरला आवर घालण्यासाठी गिरण्यांत लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस १९३१ साली व्हिटली कमिशनने केली होती. असे ऑफिसर तयार करायचे तर शिकवणारी शाळा हवी. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं. हीच आजची टिस. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन होते, अमेरिकन मराठी मिशनतर्फे नागपाड्यात काम करायला आलेले. म्हणजे आपल्याकडच्या ह्या शिक्षणाच्या पायाभरणीत एक अमेरिकन हात आहे.

पुढे स्वतंत्र भारताने १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट केला. त्याच्या कलम ४९ ने ५०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला वेल्फेअर ऑफिसर नेमणं सक्तीचं केलं. त्याची पात्रता काय हे राज्य सरकारने ठरवायचं. नव्या श्रमसंहितेत हा आकडा २५० वर आणला आहे. ती संहिता नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली. थोडक्यात, आपल्याकडे पदवी किंवा डिप्लोमा हा त्या खुर्चीचा कायदेशीर पाया आहे. एमएसडब्ल्यू, एमपीएम, लेबर वेल्फेअरचे डिप्लोमा ह्यांना आपल्याकडे जो मान मिळाला त्याच्या मुळाशी हे कलम आहे. कागद नसेल तर खुर्ची नाही.

त्याच १९४८ साली अमेरिकेत काय झालं? पर्सोनेल खात्यात काम करणाऱ्या काही लोकांनी एकत्र येऊन अमेरिकन सोसायटी फॉर पर्सोनेल अ‍ॅडमिनिस्ट्रेशन नावाची संघटना काढली. सरकारचा त्यात काही संबंध नव्हता. कोणी ह्या खात्यात काम करावं आणि कोणी करू नये हे अमेरिकेच्या कायद्याने तेव्हा ठरवलं नाही आणि आजही ठरवलेलं नाही. इथे वकिलीला परवाना लागतो, केस कापायलाही बहुतेक राज्यांत परवाना लागतो. हजार माणसांची भरती आणि बडतर्फी ज्याच्या हातात, त्याला मात्र कायद्याने कोणताही कागद लागत नाही.

पुण्याहून आलेल्या मुलीच्या गोंधळाचं मूळ इथे आहे. 'खुर्ची आहे म्हणजे तिचा कागद असणारच' हे ती घरून शिकून आलेली असते. इथे खुर्ची आधीपासून होती आणि कागद बऱ्याच उशिराने आला.

विली ग्रिग्जचा डिप्लोमा

कागद आला कसा ते सांगण्याआधी एका खटल्याबद्दल सांगायला हवं, कारण अमेरिकेत एचआरला आज जे वजन आहे त्यात ह्या खटल्याचा वाटा मोठा आहे, आणि तो खटला होता नेमका कागदाबद्दलच.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सातव्या भागाने नोकरीत वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ देश ह्यांवरून भेदभाव करायला बंदी केली. हा भाग २ जुलै १९६५ पासून लागू झाला. नॉर्थ कॅरोलायनामधल्या ड्रेपर गावी ड्यूक पॉवर कंपनीचं कोळशावर चालणारं वीजकेंद्र होतं. तिथे ९५ कर्मचारी होते, त्यांतले १४ काळे. ते सगळे एकाच खात्यात, झाडलोट आणि हमालीच्या. त्या खात्यातला सर्वांत वरचा पगार इतर खात्यांतल्या सर्वांत खालच्या पगारापेक्षा कमी होता. इतर खात्यांत जायला हायस्कूलचा डिप्लोमा हवा, अशी अट कंपनीने १९५५ पासूनच घातली होती. आणि ज्या दिवशी नवा कायदा लागू झाला त्याच दिवशी कंपनीने दोन लेखी चाचण्यांची भर घातली.

दिसायला नियम सगळ्यांना सारखा. पण १९६० च्या जनगणनेनुसार त्या राज्यात हायस्कूल पुरं केलेल्या गोऱ्या पुरुषांचं प्रमाण ३४ टक्के होतं आणि काळ्यांचं १२ टक्के. शिवाय अट येण्याआधी त्या खात्यांत लागलेले, डिप्लोमा नसलेले गोरे कामगार आपलं काम व्यवस्थित करत होतेच. मग डिप्लोम्याचा आणि कोळसा हाताळण्याचा संबंध काय? विली ग्रिग्ज आणि त्याच्या बारा सहकाऱ्यांनी दावा लावला. मार्च १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. सार असं, की नियम वरकरणी सारखा असला तरी त्याचा परिणाम एका गटाला वगळण्यात होत असेल, तर ती अट त्या कामासाठी खरोखर गरजेची आहे हे मालकाने दाखवलं पाहिजे. सरन्यायाधीश बर्गर ह्यांनी निकालात हेही नोंदवलं, की पदव्या-प्रमाणपत्रांशिवाय उत्तम काम करून दाखवणाऱ्या माणसांनी इतिहास भरलेला आहे.

ह्या निकालानंतर कंपन्यांची झोप उडाली. आपली जाहिरात, आपला अर्जाचा फॉर्म, आपली चाचणी, मुलाखतीतले प्रश्न, बढतीचे नियम, ह्यांतलं काय कोर्टात टिकेल आणि काय नाही? हे सांगणारं माणूस हवं झालं. १९६७ चा वयाबद्दलचा कायदा, १९७० चा सुरक्षिततेचा, १९७४ चा पेन्शनचा, १९८६ चा परदेशी कामगारांच्या कागदपत्रांचा (आपण पहिल्या दिवशी भरतो तो आय-नाइन फॉर्म ह्याच कायद्यातला), १९९० चा अपंगांसाठीचा, १९९३ चा बिनपगारी बारा आठवड्यांच्या रजेचा. कायद्यांची रांग लागली आणि प्रत्येक कायद्याबरोबर ह्या खात्याची खुर्ची थोडी उंच झाली. हार्वर्डचे समाजशास्त्रज्ञ फ्रँक डॉबिन ह्यांनी दाखवलंय, की कायद्यात 'भेदभाव करू नका' एवढंच मोघम होतं. तो न करणं म्हणजे नेमकं काय करणं, ह्याच्या पद्धती ह्याच खात्यातल्या लोकांनी घडवल्या आणि पुढे त्याच सगळीकडे मान्य झाल्या.

मानाचा शिक्का

वजन आलं की मान हवासा वाटतो. वकील आणि हिशेबनीस त्याच टेबलावर बसतात, त्यांच्या नावापुढे परवाना असतो. आपल्या नावापुढे काय? मग १९७० च्या दशकात ह्या संघटनेने स्वतःची परीक्षा सुरू केली, आणि त्यासाठी १९७६ मध्ये वेगळी संस्था उभी राहिली. हीच पुढची एचआरसीआय. तिच्या दोन परीक्षा प्रसिद्ध आहेत, पीएचआर आणि वरच्या पातळीची एसपीएचआर. मूळ संघटनेने १९८९ मध्ये नाव बदलून सोसायटी फॉर ह्यूमन रिसोर्स मॅनेजमेंट असं घेतलं. तिच्या आद्याक्षरांचा उच्चार अमेरिकन लोक 'शर्म' असा करतात. आपण वाचताना 'श्रम' वाचतो. दोन्ही बरोबरच म्हणायचे.

इथे माझ्या धंद्याशी तुलना केल्याशिवाय राहवत नाही. इंजिनिअरला परवाना देणारा अमेरिकेतला पहिला कायदा वायोमिंग राज्याने १९०७ साली केला. १९३७ च्या मार्चमध्ये टेक्ससमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत गॅसचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास मुलं आणि शिक्षक गेले; त्याच वर्षी टेक्ससने इंजिनिअरच्या परवान्याचा कायदा केला. परवाना असा येतो. लोकांचे जीव जातात, सरकार चिडतं, आणि मग कागद सक्तीचा होतो. पीएचआरच्या मागे असं काही घडलेलं नाही. ती परीक्षा आतल्या लोकांनी आतल्या लोकांसाठी काढली, आपल्या कामाला धंद्याची प्रतिष्ठा मिळावी म्हणून. ह्यात वाईट काही नाही. पण बाहेरून आत येणाऱ्याला दार उघडून देणं हे तिचं मूळ काम नव्हतं. ती द्यायला साधारणपणे आधी अनुभव लागतो, ह्यातच सगळं आलं. मास्टर्स असेल तर एक वर्षाचा, बॅचलर्स असेल तर दोन, नुसतं हायस्कूल असेल तर चार. अनुभव नसलेल्यांसाठी एपीएचआर ही प्राथमिक परीक्षा २०१६ मध्ये आली, म्हणजे मूळ संस्थेनंतर चाळीस वर्षांनी.

मग २०१४ मध्ये घर फुटलं. 'श्रम'वाल्यांनी इतकी वर्षं एचआरसीआयच्या परीक्षेचा पुरस्कार केला होता. त्या वर्षी त्यांनी जाहीर केलं की आता आम्ही स्वतःची वेगळी परीक्षा काढतो. २०१५ पासून त्यांची सीपी आणि एससीपी ही दोन सर्टिफिकेटं आली. ज्यांच्याकडे जुनं होतं त्यांना, एक ऑनलाइन धडा पुरा केला की नवं फुकट, अशी २०१५ अखेरपर्यंत सवलत होती. कारण उघड आहे. जुन्या परीक्षेचे शिक्केधारी तोवर एक लाखाच्या वर गेले होते आणि ही गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात राहू देणं परवडणार नव्हतं. तेव्हापासून बऱ्याच लोकांच्या नावापुढे दोन्ही शिक्के दिसतात. दोन्ही दर तीन वर्षांनी नवे करावे लागतात. त्यासाठी ६० क्रेडिट जमवायची आणि वर फी भरायची, नाहीतर परीक्षा पुन्हा द्यायची. म्हणजे हा एकदाचा खर्च नाही, वर्गणी आहे.

आता हिशेब

आधी एक घोळ दूर करतो. विद्यापीठाचा कोर्स पुरा केल्यावर मिळतं ते सर्टिफिकेट वेगळं आणि ह्या संस्थांची परीक्षा पास झाल्यावर मिळतं ते वेगळं. विद्यापीठाच्या कोर्सला कित्येक हजार डॉलर लागू शकतात, आणि तो केला म्हणजे ही परीक्षा पास झाली असं होत नाही. जाहिरातींत दोन्हींची नावं इतकी सारखी असतात की फसायला होतं.

आता मुद्द्याचं. मालक हा शिक्का मागतात का? २००५ साली हर्मन अग्विनिस आणि सहकाऱ्यांनी एचआरच्या नोकऱ्यांच्या १,८७३ इंटरनेट जाहिराती तपासल्या. शिक्का सक्तीचा असलेल्या जाहिराती एक टक्कासुद्धा भरल्या नाहीत. आज 'असल्यास प्राधान्य' असं लिहिलेलं दिसतं, पण अमेरिकेच्या श्रमखात्याच्या माहितीनुसार ह्या कामाची नेहमीची पात्रता बॅचलर्सची पदवी हीच आहे आणि शिक्का ऐच्छिक आहे. त्याच खात्याच्या मे २०२४ च्या आकड्यांत एचआर स्पेशालिस्टचा मध्यम पगार वर्षाला सुमारे ७३,००० डॉलर आणि एचआर मॅनेजरचा सुमारे १,४०,००० डॉलर होता. शिक्केवाले जास्त कमावतात असे आकडे तुम्हाला दाखवले जातील. ते बघताना हे ध्यानात ठेवावं, की शिक्का घेणारे बहुतेक आधीच नोकरीत, आधीच पुढे जाणारे असतात. फी अनेकदा कंपनीच भरते. पगार शिक्क्याने वाढला की वाढत्या पगाराच्या माणसाने शिक्का घेतला, हे त्या आकड्यांवरून कळत नाही.

मग आपल्या रांगेतल्या बाईंनी काय करावं? इथे मला वाटतं त्यांची गोष्ट अमेरिकन उमेदवारापेक्षा वेगळी आहे, आणि 'पैसे पाण्यात' म्हणणारे इथे चुकतात.

माझं ज्ञान विमानात बसून माझ्याबरोबर आलं. पोलाद पिंपरीत ज्या ताणाला तुटतं त्याच ताणाला पिट्सबर्गमध्ये तुटतं. एचआरचं ज्ञान कायद्याचं बनलेलं असतं आणि कायदा सीमेवर थांबतो. औद्योगिक विवाद, प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, सगळं तिथेच राहिलं. जे तिथे रोजचं होतं ते इथे अंगाशी येऊ शकतं. बायोडेटावर फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, लग्न झालंय का, मुलं किती, हे प्रश्न आपल्याकडे मुलाखतीत सहज विचारतात. इथे तेच प्रश्न उद्या कोर्टात पुरावा म्हणून समोर येतील. आपल्याकडे बाळंतपणाची भरपगारी रजा कायद्याने आहे. इथल्या केंद्रीय कायद्यात बारा आठवडे बिनपगारी, तेही मालकाकडे पन्नास माणसं असतील तर. हे सगळं नव्याने शिकावं लागतं, आणि पीएचआरचा अभ्यास म्हणजे बराचसा हेच शिक्षण आहे. ते ग्रंथालयातली पुस्तकं आणून जवळपास फुकट सुरू करता येतं. फी शेवटी भरायची.

दुसरं असं, की इथला भरती करणारा माणूस पुण्याच्या पदवीचं वजन करू शकत नाही. त्याच्याकडे ते माप नाही. ओळखीचा शिक्का दिसला तर निदान माप तरी सापडतं. तरीही नुसत्या शिक्क्यावर नोकरी मिळत नाही, कारण शिक्क्यानंतरचा प्रश्न 'इथला अनुभव आहे का?' हाच असतो. म्हणून क्रम महत्त्वाचा. कामाची परवानगी आधी. एच-फोरवाल्यांपैकी काहींना, म्हणजे ज्यांच्या जोडीदाराच्या ग्रीनकार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यापर्यंत गेला आहे त्यांना, मे २०१५ पासून ती मिळू लागली. ती नसताना घेतलेला शिक्का घरात बसून तीन वर्षांत शिळा होतो. मग स्टाफिंग एजन्सीमार्फत तात्पुरतं काम, पगारपत्रकं, भरतीची वेळापत्रकं, मिळेल ते. आणि त्या पहिल्या कामानंतर, शक्य झालं तर कंपनीच्या पैशाने, शिक्का. व्हिसासाठी त्याचा पदवीसारखा उपयोग होईल अशी आशा धरू नये. तिथे पदवीच मोजतात.

तुम्ही महाराष्ट्रात बसून हा शिक्का घ्यायचा विचार करत असाल तर हिशेब आणखी सोपा आहे. ह्या परीक्षांच्या आंतरराष्ट्रीय आवृत्त्या आता भारतातही देता येतात. बहुराष्ट्रीय कंपनीत बसलेल्याला त्याचा थोडा मान मिळेलही. पण कारखान्यातल्या वेल्फेअर ऑफिसरच्या खुर्चीला सरकारने ठरवलेली पात्रताच लागते. अमेरिकन शिक्का तिथे बदली म्हणून चालत नाही.

आणि जॅकोबींचं ते वाक्य. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी कंत्राटदारांना समान संधीची सक्ती करणारा १९६५ चा आदेश रद्द केला. एप्रिलमध्ये ग्रिग्ज खटल्यातून आलेल्या तत्त्वाची अंमलबजावणी मागे ठेवायला सरकारी खात्यांना सांगितलं. कायदे पुस्तकात आहेत, दट्ट्या सैल झालाय. १९२१ मध्ये सहा आठवड्यांच्या तज्ज्ञांचं जे झालं ते जसंच्या तसं पुन्हा होईल असं नाही. पण ह्या धंद्याची किंमत त्याच्या परीक्षेत ठरत नाही, बाहेरच्या हवेत ठरते, एवढं तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट बोचते. आठशे कामगारांच्या कारखान्यात पगारवाढीच्या करारासाठी रात्री दोनपर्यंत युनियनसमोर बसलेली, अपघातात बोटं गेलेल्या माणसाच्या घरी पहिली पोचलेली बाई इथे येते आणि तिचा अनुभव शून्य धरला जातो. कागद आणि काम ह्यांचा संबंध दाखवा, असं ड्यूक पॉवरला सांगणाऱ्या निकालावर ज्या खात्याची खुर्ची उंच झाली, तेच खातं तिला आधी इथला कागद विचारतं. तिने तो घ्यावा, जरूर घ्यावा, पण योग्य वेळी आणि योग्य किमतीला. आपल्याला काही येत नाही म्हणून तो लागतोय, असं मात्र तिने मनात आणू नये.